गुलाल उधळायच्या आधी नाडी मोजा



भात झोडून झालं, वाल उगवून वर आलाय, हाताला थोडी उसंत आहे. म्हणून आज खत-औषधाचं न लिहिता जनावराचं लिहितोय. निमित्त एका इंग्रजी सिनेमाचं आहे, पण पोस्ट आपल्या बैलगाडी शर्यतीची आहे. तेव्हा छकडेवाल्या पोरांनी मध्येच सोडू नका, शेवटपर्यंत वाचा.

सिनेमाचं नाव 'हिडाल्गो'. २००४ सालचा. दिग्दर्शक जो जॉन्स्टन. आपले जुने लोक ज्याला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मुळे ओळखतात तो ओमर शरीफ यात अरबांचा शेख झालाय. गोष्ट अशी, की १८९० च्या सुमाराला फ्रँक हॉपकिन्स नावाचा अमेरिकन स्वार आपला मस्टँग घोडा घेऊन अरबस्तानात जातो. मस्टँग म्हणजे तिकडच्या माळावरचा रानटी घोडा, अंगानं लहान, रंगानं कबरा. समोर शेकडो वर्षं वंशावळ जपलेले अरबी घोडे. वाळवंटातून ३००० मैलांची शर्यत, म्हणजे आपले जवळपास ४८०० किलोमीटर. वाळूचं वादळ, टोळधाड, पाण्याचा ठणठणाट, वर दगाफटका. आणि शेवटी ज्याला सगळे हसले तोच घोडा पहिला येतो. बक्षिसाच्या पैशातून हॉपकिन्स मारायला नेलेले मस्टँग सोडवतो आणि आपला हिडाल्गोही त्यांच्यात मोकळा सोडून देतो. मुलानं लॅपटॉपवर लावून दिला होता. घरातल्या सगळ्यांनी बघितला. बघण्यासारखा आहे.

आता सिनेमाच्या सुरुवातीला खरी गोष्ट म्हणून सांगतात, त्याचं काय ते ऐका. हॉपकिन्स नावाचा माणूस खरा होता, १९५१ साली वारला. पण ही अरबस्तानातली शर्यत झाली याचा पुरावा इतिहासवाल्यांना कुठेच सापडला नाही. ना अरबांकडे नोंद, ना अमेरिकेत. हॉपकिन्सनं स्वतः सांगितलं, लोकांनी लिहून घेतलं, एवढाच आधार. म्हणजे आपल्याकडे पारावर बसून एखादा सांगतो ना, "माझा बैल अमक्या अड्ड्यावर पाच गाड्या मागे टाकून आला होता," आणि साक्षीदार विचारले तर सगळे वारलेले असतात, त्यातला प्रकार.

मला त्याचा राग नाही. फुशारकी मारल्याशिवाय शर्यतीचा नाद पुरा होत नाही. पण खोट्या गोष्टीत एक सोय असते. तिच्यात घोडा कितीही पळवता येतो. ४८०० किलोमीटर पळवा, जखमी करा, उपाशी ठेवा, तरी तो लेखकाच्या मर्जीनं उठून पळतो. खऱ्या जनावराच्या अंगात तेवढंच बळ असतं जेवढं त्याच्या रक्तात, फुप्फुसात आणि खुरात आहे.

लांब पल्ल्याचा खरा घोडा बघायचा तर अरबस्तानात जायला नको. दिवाळीनंतर आपल्याच बांधावर येतो. भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली कोकणात उतरतात. वाल टाकला नाही त्या खाचरात आपण मेंढ्या बसवतो, बदल्यात भात किंवा रोख देतो. लेंडीमुताचं खत रानात आयतं पडतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाड्याबरोबर येणारा घोडा कोणी नीट बघितलाय का? उंची कमी, मान जाड, पाय सडपातळ, खूर दगडासारखे. त्याच्या पाठीवर अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्याची पोती, डालग्यात कोंबड्या, आणि वाटेत जन्मलेली कोकरं. पाऊस लागायच्या आत हा सगळा संसार घेऊन तो परत घाट चढतो. वर्षाला शेकडो किलोमीटर. ना रिबीन, ना ढाल, ना फोटो.

या घोड्याला भीमथडी म्हणतात. भीमा नदीच्या काठचा, म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या फौजेत हीच तट्टं होती. १७२८ साली पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं ते तलवारीइतकंच या घोड्यांच्या पायावर. निजामाकडे जड तोफा होत्या, त्याला त्या ओढून चालवेना. मराठ्यांची फौज सडी होती, मिळेल ते खाऊन आज इथे तर दोन दिवसांनी भलतीकडेच. मोठ्या देखण्या घोड्याला खुराक, सावली, नोकर लागतो. या तट्टाला कडबा आणि पाणी मिळालं तरी भागतं. इतकी वर्षं त्याला 'गावठी' म्हणून कोणी मोजत नव्हतं. आता अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु अनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. सरकारी वहीत नाव चढायला राज्यं गेली, पेशवाई गेली, इंग्रज गेले. असो.

दोन वर्षांमागे आमच्या रानात वाडा बसला होता. त्यातल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "बाबा, घाट चढताना घोडा थकला हे तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "दादा, थकल्यावर कळून काय उपेग? थकायच्या आधी कळाया पायजे." मग त्यांनी हात धरून दाखवलं. सामान उतरवल्यावर पहिल्यांदा पाठ बघायची, कुठे गरम लागते का. मग बरगडीवर हात ठेवायचा, श्वास किती वेळात खाली बसतो. मग दहा पावलं चालवायचा, पाय उचलताना मान खाली-वर करतो का. आणि पाणी दाखवायचं. तहानलेलं जनावर पाणी पीत नसेल तर त्या दिवशी मुक्काम, मग पुढे कोणी का वाट बघत असेना.

हे लिहून ठेवा, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

जगात घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती खरोखर होतात. इंग्रजीत एन्ड्युरन्स म्हणतात, आपण दमाची शर्यत म्हणू. सगळ्यात नावाजलेली अमेरिकेत कॅलिफोर्नियात होते, टेव्हिस कप. १९५५ पासून. डोंगरातून १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, आणि २४ तासांच्या आत पोचायचं. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीही १६० किलोमीटरच्या असतात. पण एका दमात नाही. तीस-चाळीस किलोमीटरचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर जनावरांचा डॉक्टर उभा असतो. ठरलेल्या मिनिटांत घोड्याची नाडी मिनिटाला ६४ च्या आत आली पाहिजे. नाही आली, तर घोडा बाद. मग तो पहिला का असेना. डॉक्टर कातडी चिमटीत धरून सोडतो, लगेच बसली तर अंगात पाणी आहे. हिरडी दाबून बघतो, पांढरी झालेली जागा पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो. पोटाला कान लावतो, आतडं चालू आहे का. आणि दोरी धरून थोडं पळवून बघतो, लंगडतो का. यातलं यंत्र म्हणाल तर एक स्टेथोस्कोप. बाकी सगळं त्या म्हाताऱ्या बाबांनी मला खाचरात उभं राहून दाखवलं होतं तेच!

त्या शर्यतीतली अजून एक गोष्ट मला फार आवडली. टेव्हिस कपला पहिल्या येणाऱ्याला कप आहेच. पण हॅगिन कप नावाचा दुसरा मान आहे. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहे, ज्याच्याकडे बघून डॉक्टरला वाटेल की हा अजून पुढे जाऊ शकतो, त्याला तो देतात. म्हणजे वेगाचं एक बक्षीस आणि जपणुकीचं एक. त्या खेळातले लोक जपणुकीच्या मानाला कमी समजत नाहीत.

आता परत सिनेमाकडे या. शेवटाकडे हिडाल्गो जबर जखमी होऊन वाळूत पडतो. हॉपकिन्स पिस्तूल काढतो, त्याला दुःखातून सोडवायला. आणि तेवढ्यात घोडा पाय झाडत उठतो. हॉपकिन्स खोगीर टाकून देतो, तसाच उघड्या पाठीवर बसतो आणि शर्यत जिंकतो. आमच्या घरात इथे टाळ्या पडल्या. पण खऱ्या शर्यतीत ही जागा कोणती आहे? जिथे डॉक्टर हात वर करून सांगतो, "हा घोडा बाद, खोगीर उतरवा." आपण टाळी वाजवतो नेमका तिथेच खरा खेळ थांबतो. थांबलाच पाहिजे.

डॉक्टर असले, नियम असले म्हणजे भागलं असंही नाही. ज्या वाळवंटात हॉपकिन्सची शर्यत झालीच नाही, त्याच आखाती मुलखात आज खऱ्या शर्यती होतात. सपाट वाळू, अफाट पैसा, आणि सगळा भर वेगावर. घोड्यांचे पाय मोडायला लागले, घोडे मरायला लागले. शेवटी २०१५ साली आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला काही काळ निलंबित केलं. दमाची शर्यत वेगाची झाली की काय होतं, त्याचा हा नमुना. आणि हे एवढ्या श्रीमंत लोकांच्या घोड्यांचं झालं, ज्यांच्या तबेल्याला थंड हवेची यंत्रं आहेत.

आता आपल्या अंगणात या.

पनवेल, उरण, कल्याण, बदलापूर हा सगळा पट्टा बैलगाडीच्या नादानं खुळा आहे. आपल्या विहिघरचे दिवंगत पंढरीशेठ फडके यांचं नाव तर घाटावरच्या अड्ड्यांवरही घेतलं जायचं. बिनजोड लागली की कामधंदा सोडून माणूस बांधावर उभा. मीही उभा असतो, नाही कशाला म्हणू. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा आपल्याला वाटलं की आपलं काहीतरी हिसकावून घेतलं. २०१७ ला राज्यानं कायदा दुरुस्त केला, पुन्हा कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला. साडेसात वर्षं शर्यतीविना काढली. खिल्लार पाळणाऱ्याला त्या काळात बैलाला किंमत मिळत नव्हती, हे आपण पाहिलंय.

ही परवानगी अटींवर मिळाली आहे, हे विसरून चालणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, डॉक्टरचा दाखला, काठी नाही, चाबूक नाही, शॉक नाही. कागदावर सगळं आहे. पण अड्ड्यावर बैलाची तपासणी पळायच्या आधी होते. पळून आल्यावर कोण बघतो? पळून आल्यावर गुलाल, डीजे आणि मोबाईल. बैलाच्या भोवती शंभर माणसं, वारा बंद, नाकात गुलाल.

गेल्या चैत्रात एका अड्ड्यावर, गावाचं नाव घेत नाही, एक चांगला बैल दुपारी तिसऱ्या पळीनंतर खाली बसला तो उठला नाही. मालक माझ्या ओळखीचा. लाखांत मागितलेला बैल, पण त्याच्या बायकोचं रडणं पैशाचं नव्हतं. तिनं त्याला वासरापासून पेज पाजली होती. त्या दिवशी बैल दुसऱ्या पळीलाच तोंड उघडून श्वास घेत होता, जीभ बाहेर आली होती. दहा जणांनी बघितलं असेल. पण "थांबवा" म्हणायचा अधिकार कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं.

कोणी म्हणेल, घोड्याची शर्यत १६० किलोमीटरची, आपली धाव किलोमीटरच्या आतली, मग तुलना कशाला? तुलना अशी आहे. घोड्याला भरपूर घाम येतो, घामानं त्याचं अंग गार होतं. बैलाला घाम कमी. त्याची बरीच उष्णता श्वासावाटे बाहेर पडते. त्यात आपली हवा खाडीकाठची, दमट. दमट हवेत आहे तो घामही वाळत नाही. म्हणजे चैत्र-वैशाखात दुपारी बारा-एकला आपण बैल पळवतो तेव्हा एका धावेची उष्णता अंगातून जायच्या आत दुसरी धाव लावतो. पल्ला लहान आहे, पण दम तुटतो तो असा साठत साठत.

म्हणून पोरांनो, हे करून बघा. पैसे लागत नाहीत.

एक. आपल्या बैलाची शांत असतानाची नाडी माहीत करून घ्या. शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूला, मधोमध बोटं ठेवा, ठोका लागतो. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. मोठ्या बैलाची साधारण पन्नास ते ऐंशीच्या आत असते. घोड्याचा ६४ चा आकडा बैलाला लावू नका, दोघांची घडण वेगळी. सात दिवस सकाळी मोजून वहीत लिहा, तो तुमच्या बैलाचा आकडा. आमच्या सर्जाचा ५६ आहे.

दोन. सरावानंतर लगेच, मग दहा, वीस आणि तीस मिनिटांनी मोजा. सर्जा चिखलणी करून सुटला की ९६ पर्यंत जातो आणि वीस मिनिटांत ६४ वर येतो. ज्या दिवशी खाली येत नाही, त्या दिवशी त्याला जू नाही.

तीन. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. हिरडी दाबून बघा, दोन सेकंदात रंग परत आला पाहिजे. सुस्त बसली तर पाणी कमी आहे.

चार. तोंड उघडं, जीभ बाहेर, मान लांब केलेली, लाळेची तार, यातलं काही दिसलं की तिथेच थांबा. सावली, वारा, अंगावर पाणी, प्यायला थोडं थोडं पाणी, आणि डॉक्टरला फोन. गर्दी हटवा. गुलाल नंतर.

माझा पुतण्या छकडा हाकतो, चांगला हाकतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "काका, असं नाडी मोजत बसलो तर बिनजोडला आपल्यासमोर उभा कोण राहणार? लोक हसतील, डॉक्टर घेऊन आले म्हणून." मी म्हटलं, "अरे, हसणारे हिडाल्गोलाही हसले होते, तेवढं तरी सिनेमातून घे." तो गप्प बसला, पण पटलं नाही हे दिसत होतं. त्याचंही खोटं नाही. अड्ड्यावर पोराची इज्जत वेगावर ठरते. आपण वडीलधाऱ्यांनीच तशी ठरवली आहे. आकडा बदलायचा तर आपल्यालाच बदलावा लागेल, त्याच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही.

म्हणून जत्रेच्या बैठकीत मी विषय मांडला. चैत्रातल्या शर्यतीत पहिल्या दहा बैलजोड्यांची अर्ध्या तासानं तपासणी करायची, आणि ज्या जोडीची नाडी, श्वास, चाल सगळ्यात चांगली तिला 'दमदार जोडी' म्हणून वेगळं बक्षीस. ५००१ रुपये मी माझ्या भाताच्या पैशातून देतो म्हटलं. आणि दुसरं, दोन धावांच्या मध्ये ज्याचा श्वास खाली बसला नाही त्याला पुढची धाव नाही, हा निर्णय डॉक्टरचा, मालकाचा नाही आणि कमिटीचाही नाही.

पहिलं सगळ्यांना आवडलं. बक्षीस वाढलं तर कोणाला नको? दुसऱ्यावर वाद झाला. एक जण म्हणाला, लांबून गाडी भाड्यानं बैल घेऊन आलेल्या माणसाला आपण घरी कसं पाठवायचं, तो पुढच्या वर्षी येईल का? प्रश्न बरोबर आहे. पण त्याचा बैल आपल्या अड्ड्यावर मेला तर तो येणारच नाही, आणि शर्यत बंद करा म्हणून पुन्हा कोर्टात जायला निघणाऱ्यांच्या हातात फोटो आपणच देऊ. साडेसात वर्षं कशी काढली ते ज्याला आठवतं त्यानं विचार करावा. बैठक अर्धवट उठली. पुढची माघी गणपतीनंतर आहे. दुसरा मुद्दा मंजूर झाला नाही तर पहिल्याचे ५००१ सुद्धा मी देणार नाही, हे सांगून आलोय. ढाल वाटायची आणि जनावर तसंच मरू द्यायचं, याला माझे पैसे नाहीत.

या पानावर बरेच पशुवैद्यकीय डॉक्टर आणि कृषी पदवीधर आहेत. तुम्हाला दोन विनंत्या. बैलाला धावल्यानंतर किती मिनिटांत नाडी किती खाली आली म्हणजे सुरक्षित, याचा आपल्या दमट हवेसाठी साधा तक्ता कोणी करून देत असेल तर गावोगाव लावू. आणि चैत्रात एक दिवस स्टेथोस्कोप घेऊन आमच्या अड्ड्यावर कोण येतो ते सांगा. जेवण आमच्याकडे, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं.

शर्यतवाल्यांनी आपल्या बैलाचा शांत असतानाचा आकडा खाली लिहा. बैलाचं नाव, वय, आकडा. फुशारकी मारायची तर या आकड्याची मारू. याला साक्षीदार लागत नाही, कोणीही येऊन शेपटीखाली बोटं ठेवून मोजून बघावं.